टबचं घड्याळ पहाटे झोपायचं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं... अं...' काढलेत.

आज कोड नाही, ॲप नाही, एआय तर अजिबातच नाही. आज एका मोटरबद्दल बोलायचंय. लिंबाएवढी मोटर, किंमत चाळीस डॉलरच्या आत. आणि तिच्यापायी एक माणूस चौदाशे डॉलर भरायला निघाला होता.

आधी हॉट टब म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे तो बहुतेकांनी लोणावळ्याच्या व्हिलाच्या रीलमध्येच पाहिलेला असतो. इथे डेन्व्हरच्या आसपास बर्फ पडणाऱ्या गावांमध्ये बऱ्याच घरांच्या मागच्या अंगणात तो असतो. चार-पाच माणसं बसतील एवढा टब, वर जाड झाकण, खाली पंप आणि हीटर. पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी गाळून, औषध घालून, गरम करून महिनोन्‌महिने वापरतात. वरची मर्यादा ४० अंश सेल्सिअस, म्हणजे इथल्या भाषेत १०४ फॅरनहाइट. बाहेर उणे दहा आणि तुम्ही गळ्यापर्यंत गरम पाण्यात. चैन आहे, मान्य.

पण मी ज्या घरात तळमजल्यावर भाड्याने राहतो, तिथल्या काकांसाठी ती चैन नाही. काका मूळचे इचलकरंजीचे, चाळीस वर्षं झाली इथे येऊन. त्यांना संधिवात आहे. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, गुडघे सरळ होत नाहीत. सहा वाजता पंधरा मिनिटं टबमध्ये बसले की मग चहाचा कप धरता येतो. डॉक्टरांनी वेळ ठरवून दिलीय, पंधरा म्हणजे पंधरा, कारण बीपी आहे. आणि गंमत बघा, ज्या जकूझी कुटुंबाच्या नावावरून जगभर या टबला जकूझी म्हणतात, त्यांच्यातल्या कँडिडो जकूझींनी पाण्यात बुडवायचा पंप तयार केला, तो त्यांच्या लहान मुलाला संधिवात होता म्हणूनच. म्हणजे काका या यंत्राचा वापर अगदी मूळ हेतूप्रमाणे करतायत.

तर गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला टबने त्रास द्यायला सुरुवात केली. काही दिवशी सहा वाजता पाणी मस्त गरम, काही दिवशी कोमट, आणि एके दिवशी २६ अंश. काका पाय घालून तसेच परत आले. काकू म्हणाल्या, "अरे, तू कम्प्युटरवाला आहेस ना, बघ की जरा." आता आपल्या घरांमध्ये कम्प्युटरवाला म्हणजे मिक्सरपासून उपग्रहापर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस, हे तुम्हाला माहीतच आहे.

त्याआधी एक दुरुस्तीवाला येऊन गेला होता. दहा मिनिटं पाहिलं, टाइमर बरोबर लावून दिला आणि सांगितलं की ही जुनी पद्धत आहे, सगळं काढून डिजिटल कंट्रोल बसवा, साधारण चौदाशे डॉलर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गरम! काकांना वाटलं झालं काम. तिसऱ्या दिवशी पुन्हा गार. काकांनी स्वतः टाइमर लावला. दुसऱ्या दिवशी गरम, तिसऱ्या दिवशी गार. वर वीजबिल नेहमीपेक्षा जास्त. पाणी गार आणि बिल जास्त! हीटर खराब असता तर बिल कमी यायला हवं होतं. मला इथेच मजा वाटायला लागली.

आता हा टाइमर कसा असतो ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हा टब जुना आहे. त्याला स्क्रीन नाही, वायफाय नाही. घराच्या पूर्वेकडच्या बाहेरच्या भिंतीवर एक पत्र्याची पेटी. आत पिवळी तबकडी, तिच्यावर चोवीस तास छापलेले, आणि ती दिवसातून एक फेरी मारते. तबकडीच्या कडेला छोट्या पिना स्क्रूने बसवायच्या, एक 'ऑन'ची, एक 'ऑफ'ची. तबकडी फिरता फिरता पिन एका लीव्हरला ढकलते आणि स्विच खटकन चालू किंवा बंद. आपल्याकडे सोसायटीच्या जिन्यातल्या दिव्यांना, रस्त्यावरच्या बोर्डांना असे टाइमर अजून दिसतात. काकांची वेळ होती पहाटे २ ते ६, कारण त्यांच्या वीजदरात रात्रीची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग.

चार तास का? साधा हिशोब आहे. टबमध्ये साधारण ११०० लिटर पाणी. तेवढं पाणी एक अंशाने तापवायला जवळपास १.३ युनिट वीज लागते. हीटर साडेपाच किलोवॅटचा, म्हणजे तासाला चार अंश. त्यातून थंडीत जी उष्णता उडून जाते ती वजा करा. चार तासांत रात्रीची घट भरून निघते. हीटर ठीक आहे का, हे याच हिशोबाने तपासता येतं. लीव्हर हाताने चालू केला, झाकण लावलं, तासाभराने थर्मामीटर घातला. साडेतीन अंश चढलं होतं. म्हणजे हीटर ठणठणीत, पंप ठणठणीत. प्रश्न एवढाच की त्यांना उठवणारा माणूस वेळेवर उठतोय का.

तबकडी पाहिली. फोनमध्ये संध्याकाळचे सात आणि तबकडीवर सकाळचे नऊ. दहा तास मागे!

काकांचा संशय होता घड्याळबदलावर. इथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे सगळी घड्याळं एक तास मागे घेतात. पण ते गणितात बसत नाही, आणि दोन कारणांनी बसत नाही. घड्याळं मागे घेतली आणि तबकडी तशीच ठेवली, तर तबकडी एक तास पुढे दिसेल. आपली मागे होती. शिवाय तो एक तास एकदाच. तो रोज वाढत नाही.

काकूंचा संशय होता वीज जाण्यावर. वीज गेली तर तबकडी थांबणार, आली की तिथूनच पुढे चालू, हे खरं. पण काकूंच्या ओट्यावरच्या मायक्रोवेव्हचं घड्याळ वीज गेली की १२:०० दाखवत लुकलुकत बसतं, आणि महिनाभरात ते लुकलुकलं नव्हतं. मग फक्त टबची लाइन ट्रिप होत असेल? टबला गळती ओळखणारा ब्रेकर असतो, आपल्या आरसीसीबीसारखा. तो पडला की पडलेलाच राहतो, कुणीतरी जाऊन उचलावा लागतो. आमची तबकडी मात्र आपोआप पुन्हा चालू होत होती. म्हणजे तोही नाही.

उरलं काय? स्वतः घड्याळ.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ऐका, भारी आहे. या टाइमरमध्ये क्वार्ट्झ नाही, सेल नाही. त्याला वेळ कळते ती विजेच्या तारेतून. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० वेळा दिशा बदलून पुन्हा मूळ जागी येते, आपल्याकडे ५० वेळा. आतली सिंक्रोनस मोटर त्या ठेक्यावरच नाचते. ठेका बरोबर तर घड्याळ बरोबर. अमेरिकेत हेन्री वॉरन नावाच्या इंजिनियरने अशी घड्याळं बनवली, तेव्हा ती चुकायची, कारण त्या काळी वीजकेंद्रांची फ्रीक्वेन्सीच इकडेतिकडे व्हायची. मग त्याने १९१६मध्ये बॉस्टनच्या वीजकंपनीलाच एक मास्टर घड्याळ दिलं, की याच्याशी जुळवून तुमची यंत्रं चालवा. क्लायंट नाही, सर्व्हर दुरुस्त केला पठ्ठ्याने!

आणि अगदी अलीकडची गोष्ट. २०१८च्या सुरुवातीला युरोपातल्या पंचवीसेक देशांमध्ये ओव्हनची आणि रेडिओची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. कारण सर्बिया आणि कोसोव्होचा वाद. त्या भागात जेवढी वीज जाळ्यात यायला हवी तेवढी आली नाही, जोडलेल्या सगळ्या देशांची फ्रीक्वेन्सी किंचित उतरली, आणि जर्मनीतला माणूस कामाला उशिरा पोचला. यावरूनच सांगतो, कुणी अमेरिकेतून असा टाइमर भारतात आणणार असाल तर नका आणू. ६० च्या ठेक्याची मोटर ५० वर चालली तर दिवसाला चार तास मागे पडेल. तीही व्होल्टेज सोसलं तर.

पण फ्रीक्वेन्सीने दहा तास जात नसतात. म्हणून मोजायचं ठरवलं. काकांना म्हटलं, "काका, तुम्ही पाच दिवस तबकडीला हात लावू नका." काका म्हणाले, "पाच दिवस पिशवीने शेकतो, पण काय ते एकदाचं शोधून काढ." मला ते जरा लागलं. रोज सकाळी त्यांना दोन्ही हातांनी कप धरताना बघत होतो.

रोज रात्री दहाला आणि सकाळी सातला तबकडीचा फोटो. फोटोत वेळ आपोआप येतेच. सोबत रात्रीचं सर्वांत कमी तापमान. सोमवारी रात्री अधिक ३, तबकडी एक मिनिटही मागे नाही. मंगळवारी अधिक १, काही नाही. बुधवारी उणे ५, पस्तीस मिनिटं मागे. गुरुवारी उणे २, दहा मिनिटं. शुक्रवारी उणे १३, तीन तास वीस मिनिटं! आणि दुपारभरात, एकाही दिवशी, एकही मिनिट नाही.

वही बघितल्यावर काकाच म्हणाले, "अरे, याला थंडी वाजते."

शनिवारी रात्री पुरावा गोळा केला. माझा जुना फोन लोकरीच्या मोज्यात घातला, कॅमेऱ्यापुरतं भोक, पॉवर बँक, शेजारी छोटा एलईडी, आणि पेटीचं दार उघडं ठेवून टाइमलॅप्स. (पेटीत तारांवर प्लॅस्टिकचं झाकण आहे का ते आधी बघितलं, आणि रात्र कोरडी होती. बर्फ पडत असताना असले उद्योग करू नका.) रविवारी नाश्त्याला तिघांनी मिळून तो व्हिडिओ पाहिला. तबकडी छान चालतेय, तीनच्या सुमारास अडखळायला लागते, सव्वाचारला थांबते. मग स्थिर. उजाडतं. पूर्वेची भिंत, ऊन पेटीवर येतं, आणि आठ चाळीसला तबकडी झोपेतून उठल्यासारखी पुन्हा चालायला लागते. काकूंनी तो व्हिडिओ सोलापूरच्या बहिणीला पाठवला.

आता सगळं जुळतं का बघा. काका संध्याकाळी तबकडी बरोबर लावतात. पहाटे दोनला टब चालू. चारच्या आसपास तबकडी गारठून थांबते, पण थांबते ती 'ऑन'मध्ये! मग टब चालूच राहतो. सहाला पाणी गरम, काका खूश. तबकडी उठते पावणेनऊला, तिच्या मते अजून चारच वाजलेत, म्हणून टब अकरा वाजेपर्यंत उगाच चालू. आता तबकडी जवळपास पाच तास मागे. दुसऱ्या रात्री खरे दोन वाजतात तेव्हा तिच्याकडे अजून आदल्या रात्रीचे नऊच वाजलेत. टब बंद. सहाला पाणी गार. मग तो दुपारी तापतो, आणखी एका थंड रात्रीनंतर संध्याकाळी, म्हणजे नेमका महागड्या विजेवर. पाणी गार, बिल जास्त. 'लावल्यावर एक दिवस चालतो' याचंही उत्तर मिळालं. दुरुस्तीवाल्याने लावून दिला तेव्हाही दुसऱ्या दिवशी पाणी गरम होतं, त्यामागचं कारण तो बिघाडच होता! बिघाडाने स्वतःच स्वतःला झाकलं. प्रॉडक्शनमध्ये असा बग पाहिलेल्यांना माझी व्यथा कळेल.

पण थंडी काय पहिल्यांदा पडली का? टाइमर वीस वर्षं जुना, आधीचे हिवाळे कसे गेले? हा प्रश्न मला त्या व्हिडिओपेक्षा महत्त्वाचा वाटला. विचारलं, यंदा काय बदललं? काका पावत्या टाकून देत नाहीत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. त्यात मे महिन्याची एक पावती निघाली. टाइमरची मोटर जळाली होती, कुणीतरी बदलून दिली होती. मे ते ऑक्टोबर तक्रार नाही, कारण थंडी नाही.

मेन ब्रेकर बंद केला, टेस्टरने खात्री केली, झाकण काढलं आणि मोटरवरचा लेबल वाचला. २४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला, उडालेल्या शाईत, टाइमर १२० व्होल्टचा.

इथल्या घरांमध्ये दोन्ही व्होल्टेज येतात. दिव्यांना, प्लगना १२०, आणि टब, ओव्हन, एसी असल्या दांडग्या गोष्टींना २४०. आमचा टाइमर टबची वीज थेट तोडत नाही. तो १२० वर चालतो आणि फक्त एका कॉन्टॅक्टरला इशारा करतो. कॉन्टॅक्टर पुढे २४० जोडतो. हे टाइमर दोन्ही व्होल्टेजचे मिळतात, आणि मोटर दिसायला सख्ख्या बहिणी. बसवणाऱ्याच्या हातात चुकीची आली. उलटं झालं असतं, म्हणजे १२० ची मोटर २४० वर, तर लगेच धूर निघाला असता आणि कुणालातरी कळलं असतं. इथे मोटर जळली नाही, फक्त अशक्त झाली. व्होल्टेज निम्मं, त्यामुळे करंटही साधारण निम्मा, आणि जोर या दोघांच्या गुणाकारावर जातो, म्हणजे पावपट. पाव जोरावर उन्हाळ्यात भागलं. थंडीत गिअरमधलं ग्रीस घट्ट झालं, आपल्याकडे थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं तसं, आणि पाव जोर पुरेना.

योग्य मोटर मागवली, येणार होती गुरुवारी. आणि हवामानखात्याने मंगळवारी रात्री उणे २२ सांगितलं.

आता सकाळच्या गरम पाण्याचा मामला राहिला नव्हता. पंप दहा-बारा तास बंद राहिला आणि पाणी पाइपांमध्ये उभं राहिलं, तर ते गोठतं. गोठताना पाणी फुगतं, पाइप फुटतात, पंपाचं घर तडकतं. नव्या डिजिटल कंट्रोलमध्ये यासाठी सोय असते, तापमान उतरलं की पंप आपोआप सुरू होतो. या जुन्या टबला ती नाही. त्या बाबतीत तो दुरुस्तीवाला चुकीचं सांगत नव्हता, आणि कधीतरी काकांना ते बदलावं लागेलच. पण मंगळवार उद्यावर होता.

उपाय साधा निघाला. 'ऑफ'च्या पिना तबकडीवरून काढून टाकल्या आणि लीव्हर हाताने 'ऑन' केला. आता तबकडी चालो, थांबो, काशीला जावो, बंद करणारं कुणी नाही. पाणी जास्त तापू नये म्हणून थर्मोस्टॅट होताच, तो ३८ वर लावला. रात्रभर पंप चालणार, वीज जाणार, पण पाइप वाचणार. काकांना झोप लागली नाही. एक वाजता, तीन वाजता खिडकीतून पंपाचा आवाज ऐकत होते, असं काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. सकाळी तबकडी एकवर थांबलेली आणि पंप घरघरत होता. काका सहाला पाण्यात उतरले. केसांवर बर्फ जमला होता, पण चेहरा बघायला हवा होता.

गुरुवारी मोटर आली, शुक्रवारी परवानाधारक इलेक्ट्रिशियन. यात मी हात घातला नाही आणि तुम्हीही घालू नका. पाणी आणि वीज शेजारी शेजारी असतात तिथे यूट्यूब बघून शहाणं व्हायचं नसतं. त्याने मल्टिमीटर लावला, मोटरच्या तारांवर १२१ व्होल्ट. लेबल बघून नुसता हसला. वीस मिनिटांचं काम. पिना परत बसवल्या. त्यानंतर आठ दिवस फोटो काढले, त्यात एक रात्र उणे १५ ची होती. फरक शून्य. काकांनी पेटीच्या दारावर आतून मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'मोटर १२० व्होल्टचीच', मराठीत. इथला कुठला दुरुस्तीवाला ते वाचणार, असं काकू विचारतात. काका म्हणतात, माझ्यासाठी लिहिलंय.

बरं, मागच्या आठवड्यात एका श्रोत्याने विचारलं होतं की सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा टाइमर रोज थोडा मागे पडतो, काय करू? आधी चार दिवस सकाळ-संध्याकाळ फोटो काढ. रोज सारखाच मागे पडतोय की कधी जास्त, कधी कमी, ते बघ. लोडशेडिंगच्या वेळा शेजारी लिही. बॅकअपची बॅटरी नसलेला टाइमर असेल तर जेवढा वेळ वीज नाही तेवढाच फरक दिसेल, आणि मग टाइमर निर्दोष आहे. आत सेल असेल तर तो किती जुना ते बघ. आणि लेबलचा फोटो मला पाठव, व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही दिसतील असा. पुढच्या भागात तोच घेऊ.